मामांच्या खिडकीतल्या खारी

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. आमच्याकडे तशीच रीत आहे. मामा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते आणि हातात धरलेल्या पत्र्याची जाडी न मोजता सांगायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात मामा, माझा नवरा आणि मी. नणंद निफाडला दिलेली, द्राक्षबागायतदारांच्या घरात. पुढे आम्हाला मुलगी झाली, ती शिकायला पुण्याला गेली, आणि पुन्हा आम्ही तिघंच उरलो. नवरा सिन्नरला कामाला. सकाळी सातला निघायचा तो अंधार पडताना यायचा. म्हणजे दिवसभर घरात मामा आणि मी.

मी मालेगावकडची. आमच्या गावात अहिराणी बोलतात. लग्नानंतर वर्षभरात माझी भाषा बदलली, पण घाईत असले की 'आहे'ऐवजी तोंडातून 'शे' निघून जायचं. "भाजी शे ना अजून?" असं एकदा मी पाहुण्यांसमोर विचारलं, आणि त्या दिवसापासून मामांनी माझं नाव 'शेशे' ठेवलं. "शेशे, चहा आण." "शेशेला विचारा, मीठ शे का." पाहुणे हसायचे. नवराही हसायचा, जरा खाली बघून. आईचा फोन आला की मामा शेजारी येऊन उभे राहायचे आणि मी बोललेलं एकेक वाक्य माझ्याच सुरात म्हणून दाखवायचे. मग मी फोन घेऊन मागच्या अंगणात जायला लागले. तिथे पेरूचं झाड होतं, नळ होता, कपडे धुवायचा दगड होता. घरात मला कोणी हटकणार नाही अशी तेवढीच जागा होती.

निवृत्त झाल्यावर मामांनी ते अंगणही घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी तिथे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायची सोय केली. जमिनीत लोखंडी पाइप रोवला, त्याच्या टोकाला आडवा दांडा, आणि दांड्याला पीव्हीसीच्या नळीचं भांडं टांगलं. नळीला खालून चार भोकं, प्रत्येक भोकाखाली चिमणीला बसायला काडी. बाजरी, तांदळाची कणी आणि राळे मिसळून भरायचे. आठ दिवसांत चिमण्या आल्या, मग मुनिया, मग खाली सांडलेलं टिपायला होले. मामा सकाळी खुर्ची टाकून बसायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. मी ओट्यासमोरच्या खिडकीतून तो चेहरा बघायचे, आणि हा माणूस कोणाकडे तरी असं बघू शकतो याचा मला राग यायचा.

खारी दुसऱ्या महिन्यात आल्या. पहिली आली ती पाइपवरून सरसर चढली, नळीला उलटी लटकली आणि भोकात तोंड घालून दाणे उपसायला लागली. पाव तासात अर्धी नळी रिकामी. मामा त्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी तिने भोकाची कड कुरतडून मोठी केली, तेव्हा हसले नाहीत. "माझ्या हातचं काम कुरतडते," म्हणाले.

त्यांनी पाइपला ग्रीस लावलं. खार चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. दोन दिवसांनी ती पेरूच्या फांदीवरून उडी मारून आली. मामांनी फांदी कापली. मग ती भिंतीवरून आली. मामांनी पाइप उपटून अंगणाच्या मधोमध रोवला आणि त्याच्यावर पत्र्याची उलटी छत्री बसवली, अशी की खालून चढणाऱ्याला वर जाताच येऊ नये. ती छत्री त्यांनी दोन दिवस घासून गुळगुळीत केली होती. खारी खाली बसून वर बघत राहायच्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण खाली सांडलेलेही दाणे त्यांना खाऊ द्यायचे नाहीत, असं मामांनी ठरवलं.

पक्ष्यांना तिखट लागत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते खरं निघालं. त्यांनी माझ्याकडून लवंगी मिरची कुटून घेतली, दाण्यांत कालवली आणि खाली पसरून ठेवली. थोड्या वेळाने मला हाक आली. "शेशे, इकडे ये, गंमत बघ." खार भिंतीवर बसून दोन्ही हातांनी तोंड चोळत होती. मग तिने डोळे मिटून तोंड भिंतीच्या प्लास्टरवर घासायला सुरुवात केली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मामा हसून हसून डोळे पुसत होते. चिमण्या खाली निवांत दाणे टिपत होत्या.

मग उंदराचा पिंजरा आला. त्यात खोबऱ्याचा तुकडा. पहिल्या दोन खारी मामांनी स्कूटरवर पांडवलेण्याच्या मागे नेऊन सोडल्या. तिसरी सापडली तेव्हा म्हणाले, ही तीच आहे, परत आली. तीच होती की नाही मला माहीत नाही. पाठीवरचे पट्टे सगळ्यांचे सारखेच. नळाखाली निळं पिंप भरलेलं होतं. मामांनी पिंजरा तसाच आत सोडला आणि मनगटावरचं घड्याळ बघत उभे राहिले.

"मामा, लांब सोडून या ना," मी म्हटलं.

"तुला एवढं वाटतं तर तू सोड. मालेगावला नेऊन सोड. तिथे तिला भाषा समजेल."

पुढे ते नेहमीचंच झालं. आठवड्याला एक, कधी दोन. एकदा मामांची कंबर धरली होती, वाकता येत नव्हतं, आणि पिंजऱ्यात खार होती. त्यांनी खुर्चीतूनच मला सांगितलं, "नुसतं खाली सोडायचं. त्यात काय एवढं?" मी पिंजऱ्याची कडी धरली आणि खाली सोडला. तार बोटांत थरथरत होती. मग थांबली. मी ती खार भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर टाकली, साबणाने हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी जेवताना मामा म्हणाले की चपात्या चांगल्या झाल्यात. एरवी ते असं म्हणायचे नाहीत.

माझे वडील गेले तो दिवस मला इथे सांगायला हवा. मामांचे कारखान्यातले चार जुने सोबती जेवायला यायचे होते. पुरणपोळीचा बेत होता. मी सकाळपासून ओट्याशी. माझा फोन बिघडला होता, म्हणून भावाने साडेदहाला मामांच्या फोनवर फोन केला. वडिलांना अॅडमिट केलंय, ताईला लगेच पाठवा. मामांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मी पोळ्या लाटल्या, वाढल्या, आग्रह केला. पाहुणे पान खाऊन गेल्यावर, तीन वाजता, मामा म्हणाले, "तुझ्या वडिलांना जरा जास्त झालंय म्हणे. जाऊन ये." मी बसने पोचले तेव्हा वडिलांना जाऊन तीन तास झाले होते. चौदा दिवसांनी परत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांना जाब विचारला. ते वर्तमानपत्र वाचत होते. "तू गेली असतीस म्हणून ते वाचले असते का?" म्हणाले, आणि पान उलटलं. नवरा म्हणाला, "त्यांच्या लक्षात राहिलं नसेल." मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, मामा सकाळी नळीत दाणे भरताना खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. दवाखान्यात तीन आठवडे होते. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. नवऱ्याने त्यांचा पलंग मागच्या खोलीत खिडकीला लावला. "पक्षी दिसतील, मन रमेल," म्हणाला. दाणे भरायचं काम माझ्याकडे आलं. बाकीचं सगळंही माझ्याकडेच आलं. अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, कुशीवर वळवणं.

पहिले काही दिवस मी सगळं नीट केलं. खरंच नीट केलं. दाणे वेळेवर, पडदा वेळेवर. मग एका सकाळी सांडलेले दाणे खायला खाली खार आली. मी मामांना पेज भरवत होते. त्यांची नजर तिच्यावर गेली, चेहरा आवळला, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून स्वच्छ शब्द आला. "हाड."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून खार हाकलावी, एवढंच त्यांना हवं होतं. मी चमचा त्यांच्या तोंडाजवळ धरला. "खा," म्हटलं. खार सावकाश दाणे खात राहिली. "हाड, हाड," मामा म्हणत राहिले, आणि पेज हनुवटीवरून खाली आली. मी ती पुसली.

त्या दुपारी मी स्टूल घेऊन अंगणात गेले आणि पत्र्याची छत्री काढली. चार स्क्रू होते. मामा खिडकीतून बघत होते, हे मला माहीत होतं. मी पाठ वळवून केलं नाही. छत्री जिन्याखाली ठेवली आणि नळीत बाजरीऐवजी शेंगदाणे भरले.

दुसऱ्या दिवशी दोन खारी आल्या, आठवड्याभरात पाच. त्या नळीला लटकायच्या, आपसात भांडायच्या, खिडकीच्या गजांपर्यंत यायच्या. चिमण्या यायच्या बंद झाल्या. मी रोज मामांचं अंग पुसून, पावडर लावून, त्यांना दोन उशांना टेकवून बसवायचे आणि मग पडदा उघडायचे. कधी शेंगदाणे खिडकीच्या कट्ट्यावरही ठेवायचे, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. मामा तोंड भिंतीकडे वळवायला लागले. मी टॉवेलची गुंडाळी करून त्यांच्या गालाला लावली, मान खिडकीकडेच राहील अशी. "मान अवघडेल मामा, सरळ बघा," म्हणायचे. आवाज चढवावा लागला नाही.

फिजिओथेरपीच्या मॅडम एक दिवसाआड यायच्या. तरुण होत्या, उत्साही. त्यांनी एकदा मामांना "हाड" म्हणताना ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "किती छान. हे कशामुळे?"

"खारी येतात ना खिडकीत," मी म्हटलं. "त्यांना बघून."

"मग येऊ द्या त्यांना. थांबवू नका. बघा, त्यांचा उजवा हातही हलतोय."

खरंच हलत होता. खार कट्ट्यावर आली की मामांची बोटं चादर गोळा करायची. संध्याकाळी मॅडमचं बोलणं मी नवऱ्याला सांगितलं. तो वडिलांच्या उशाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि रडला. दुसऱ्या दिवशी येताना पाच किलो शेंगदाण्याची पिशवी घेऊन आला. "कमी पडू देऊ नकोस," म्हणाला. मामा पिशवीकडे बघत होते. मग नवऱ्याकडे बघून त्यांनी खूप प्रयत्न केला, ओठ हलवले, मान हलवली, डावा हात माझ्या दिशेने उचलला.

"हो बाबा, तिनेच केलंय सगळं," नवरा म्हणाला. "मला माहितीय."

नणंद निफाडहून आली. बागेत पाखरांनी मणी टोचू नयेत म्हणून त्यांच्याकडे जाळ्या लावायचं काम चाललं होतं, त्यातून एक दिवस काढून आली. तिने मामांचा "हाड" म्हणतानाचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. जाताना माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, लय केलं तू बाबांचं. माझ्याच्यानं नसतं झालं." मामा आतून ऐकत होते.

तीन महिन्यांत त्यांना आठ-दहा शब्द यायला लागले. पाणी. नको. दुखतं. एका दुपारी मी शेंगदाणे ठेवायला खिडकीशी वाकले, तेव्हा मागून आवाज आला.

"मुद्दाम."

मी वळले. त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते, अगदी पूर्वीसारखे.

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम."

त्यांनी मान हलवली, एखादं माप बरोबर आल्यासारखी. त्यानंतर आमच्यात लपवाछपवी राहिली नाही. मला तो माणूस त्याआधी कधी इतका जवळचा वाटला नव्हता. जवळचा म्हणजे प्रेमाने नव्हे. दिवसभर एकमेकांवर लक्ष ठेवून असलेल्या दोन माणसांना जे वाटतं ते.

पावसाळा लागेपर्यंत मामा वॉकर धरून उभे राहायला लागले. मॅडमना आश्चर्य वाटायचं की या वयात इतक्या जिद्दीने कोणी व्यायाम करतं. त्यांना जिद्द कसली होती ते मी ओळखलं होतं. मामा चालण्याचा सराव करताना एकाच दिशेला चालायचे, मागच्या दाराकडे. पहिल्या आठवड्यात पलंगापासून कपाटापर्यंत, मग दारापर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत. मॅडमनी बजावलं होतं की सोबत कोणी असल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी, पाऊस थांबलेला होता, मी ओट्याशी होते. वॉकरचा आवाज आला. मामा उंबऱ्यावर होते. त्यांनी वॉकर आधी पायरीवर ठेवला, मग एक पाय, मग दुसरा. अंगणातल्या फरशीवर शेवाळ आलं होतं. मला ते माहीत होतं, कारण मी ते तीन आठवडे घासलं नव्हतं. मुद्दाम घासलं नव्हतं का, तर तसं नाही. पण त्या क्षणी मला ते आठवलं, एवढं खरं. मी हाक मारू शकले असते. चार पावलांवर दार होतं. मी गॅस बारीक केला आणि खिडकीतून बघत राहिले. मामा पाइपपाशी पोचले. दोन खारी नळीवर होत्या, त्या पेरूवर पळाल्या. मामांनी वॉकर सोडून डाव्या हाताने नळी धरली आणि हिसका दिला. ती निघाली नाही, त्यांनीच पक्की बसवलेली होती. दुसऱ्या हिसक्याला त्यांचा पाय गेला.

ते पडले तेव्हा ओरडले नाहीत. मी हात पुसले आणि बाहेर गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात नवऱ्याने विचारलं, "बाबा, बाहेर कशाला गेलात? ही कुठे होती?" मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांच्याकडे तेवढे शब्द होते.

"घसरलो," मामा म्हणाले.

नवरा औषधं आणायला खाली गेला. मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला. ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "शिकलीस." कारखान्यात हाताखालच्या पोरांना त्यांनी याच सुरात सांगितलं असेल. मी कापूस लावत राहिले.

त्यांना न्यूमोनिया झाला आणि अठराव्या दिवशी ते गेले. माझं नाव झालं. अजूनही सोयरिकीच्या बैठकीत मुली दाखवायला आलेल्या बायका माझं उदाहरण देतात. नवऱ्याने वडिलांची आठवण म्हणून ती नळी ठेवली आहे. दर रविवारी तो स्वतः शेंगदाणे भरतो आणि खुर्ची टाकून बसतो.

यंदा उन्हाळ्यात एकदा मी त्याला सगळं सांगितलं. छत्रीचं, टॉवेलच्या गुंडाळीचं, गॅस बारीक केल्याचं. काही सोडलं नाही. तो नळीत दाणे भरत होता. भरून झाल्यावर त्याने झाकण लावलं.

"तू तेव्हा फार थकली होतीस," तो म्हणाला. "माणूस थकला की स्वतःबद्दल असं काहीबाही वाटतं."

"मी थकले नव्हते," मी म्हटलं.

"थकली होतीस," तो म्हणाला, आणि हात धुवायला नळाशी गेला.

मी थकले नव्हते. त्या सात महिन्यांत मला भूक चांगली लागायची, आणि सकाळी जाग आली की मी लगेच उठायचे.